पाटीवर नसलेली नावे : 'पुस गेट्स द बूट' आणि १९४० चे हॉलिवूड

टॉम आणि जेरी ही जोडी ज्या चित्रपटातून जन्माला आली, त्यात टॉम नाही आणि जेरीही नाही. मांजराचे नाव आहे जॅस्पर, आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. त्याहून विशेष गोष्ट अशी, की ज्या दोघांनी तो रचला आणि दिग्दर्शित केला, त्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचाही उल्लेख त्यात कोठे नाही. आरंभीच्या पाटीवर निर्मितीचे श्रेय एकाच व्यक्तीकडे आहे : रुडॉल्फ आयझिंग.

हा चित्रपट म्हणजे 'पुस गेट्स द बूट'. मेट्रो-गोल्डविन-मेयर, अर्थात एमजीएम, या कंपनीने तो १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रदर्शित केला. लांबी सुमारे नऊ मिनिटे. आजचा धागा या नऊ मिनिटांविषयी आहे, आणि त्यांच्या पाटीवर जी नावे आली नाहीत त्यांच्याविषयी.

प्रथम शीर्षक. इंग्रजीत एखाद्याला 'बूट मिळाला' म्हणजे त्याची हकालपट्टी झाली. 'पुस इन बूट्स' या जुन्या युरोपीय कथेतील चतुर मांजर बूट घालून मालकाचे भाग्य उजळते. येथील मांजराला मात्र दुसऱ्या प्रकारचा बूट मिळतो. श्लेष साधाच आहे, पण कथेचा सारा जीव त्यात आहे.

कथा अशी. एका श्रीमंत, टापटीप घरात जॅस्पर नावाचे मांजर एका इवल्याशा उंदराचा छळ करीत आहे. भूक हे त्याचे कारण नव्हे. हा निव्वळ विरंगुळा आहे. उंदराची शेपटी बोटाखाली दाबून धरायची, तो जागच्या जागी धावत राहिला की मौज पाहायची, मग सोडायचे, पुन्हा पकडायचे. एकदा तर जॅस्पर भिंतीवर शाईने बिळाचे तोंड रंगवतो आणि उंदीर जीव घेऊन त्या खोट्या दारावर जाऊन आदळतो. येथवर उंदराला सुटकेची काहीच आशा नाही. बळ एकाच बाजूला आहे.

मग पाठलागाच्या भरात जॅस्परच्या धक्क्याने फुलाची कुंडी आणि तिच्याखालचा खांब कोसळतो. घर सांभाळणारी बाई येते आणि बजावते : आणखी एक जरी वस्तू फुटली, तरी तू घराबाहेर.

इथे चित्रपट फिरतो. उंदीर हे ऐकतो, टेबलाच्या कडेवर जातो आणि काचेचा एक पेला कडेबाहेर धरतो. बस्स. दात दाखवीत धावून येणारे मांजर जागीच थिजते. पुढची पाच-सहा मिनिटे आपण जे पाहतो, ते एका बलाढ्य प्राण्याचे दैन्य आहे. पेले पडले तरी फुटू नयेत म्हणून जॅस्पर जमिनीवर उशा आणि गाद्या अंथरतो. उंदीर फडताळावरून एकामागून एक बशा टाकतो आणि जॅस्पर त्या झेलत राहतो, इतक्या की हातांत बशांची चळत उभी राहते आणि त्याला हलताही येत नाही. उंदीर शांतपणे त्याच्या वाटीतील दुधात डुंबतो आणि जाता जाता त्याला अशी एक लाथ घालतो, की सगळी चळत खळ्ळकन खाली येते. बाई धावत येते, मांजर बाहेर जाते, आणि उंदीर आपल्या बिळापुढे 'होम स्वीट होम'ची पाटी लावतो.

मांजर आणि उंदीर यांचे वैर हा विषय १९४० साली नवा नव्हता. वृत्तपत्रांतील चित्रमालिकांमध्ये जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट' १९१३ पासून चालू होती आणि तिच्यात उंदीर मांजराला विटा मारीत असे. कार्टूनपटांतही मांजरांचा आणि उंदरांचा सुकाळ होता. त्यामुळे बार्बेरा यांनी ही कल्पना मांडली तेव्हा स्टुडिओतील सहकाऱ्यांनी नाके मुरडली. मांजर आणि उंदीर? त्यात वेगळे असे किती करणार? ही हकीकत हॅना आणि बार्बेरा यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

वेगळे काय होते ते वरच्या कथेतच दिसते. या चित्रपटातील वैर दोघांचे नाही, तिघांचे आहे. मांजर उंदराहून बलवान, पण मांजराच्या डोक्यावर घराचा कायदा. उंदराला दात-नखे नसतील. त्याला तो कायदा ऐकू आला आणि त्याचा उपयोग कळला. एका फुटणाऱ्या पेल्याने बळाचे सारे गणित उलटले. पुढील सतरा-अठरा वर्षांत हॅना आणि बार्बेरा यांनी या जोडीचे ११४ लघुपट केले. त्यांतील बहुतेक उत्तम प्रसंगांत असाच कोणीतरी तिसरा असतो : घरची बाई, झोपलेला बुलडॉग, रडणारे तान्हे मूल. माझ्या मते या मालिकेचे खरे यश हाणामारीत नसून या तिसऱ्यात आहे.

आता ज्यांनी हे रचले त्यांच्याकडे वळू.

विल्यम हॅना यांचा जन्म १९१० चा, न्यू मेक्सिको राज्यातील मेलरोजचा. १९३० मध्ये ते ह्यू हर्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांच्या कार्टून स्टुडिओत दाखल झाले, ते सेल्युलॉइडचे पारदर्शक तक्ते धुण्यापुसण्याच्या कामापासून. रेखाटन हे त्यांचे बलस्थान कधीच नव्हते. संगीताची जाण मात्र उपजत होती, आणि एखादी हालचाल किती चौकटींत संपली म्हणजे हसू फुटेल, याचा हिशोब त्यांच्या हाडात मुरलेला होता.

जोसेफ बार्बेरा १९११ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले. एका बँकेत प्राप्तिकराचे कागद भरता भरता ते मासिकांना व्यंगचित्रे पाठवीत. पुढे व्हॅन ब्युरेन आणि टेरीटून्स या न्यूयॉर्कच्या कार्टून स्टुडिओंत त्यांनी काम केले आणि १९३७ मध्ये ते कॅलिफोर्नियात एमजीएममध्ये आले. त्यांचा हात विलक्षण जलद होता. विनोद सुचला की तो सांगण्याऐवजी ते काढूनच दाखवीत.

एकाला चित्र येत होते, दुसऱ्याला काळ मोजता येत होता. ॲनिमेशनमध्ये या दोन गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक सर्व आले. नऊ मिनिटांचा चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ या हिशोबाने सुमारे १३ हजार चौकटी. एक चित्र दोन चौकटींवर वापरले तरी हजारो रेखाटने उरतातच. यंत्र फार थोडे, हात फार. आणि त्या हातांमध्ये रेषांना शाई देणारे व आकृत्यांत रंग भरणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असत. हॉलिवूडच्या साऱ्या कार्टून स्टुडिओंत तशीच पद्धत होती. त्यांची नावे पाटीवर येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

ते दोघे ज्या विभागात होते, त्याची अवस्था त्या वेळी फारशी बरी नव्हती. एमजीएमपाशी हॉलिवूडमधील सर्वांत झगझगीत तारे होते, पण कार्टूनच्या बाबतीत कंपनी डिस्नेच्या कोसो मागे होती. १९३४ पासून तिच्यासाठी हर्मन आणि आयझिंग बाहेरून कार्टून करून देत. त्यांचा खर्च अंदाजाबाहेर जातो म्हणून १९३७ मध्ये करार मोडला आणि कंपनीने कल्व्हर सिटी येथे स्वतःचा विभाग उभारला. प्रमुख नेमले फ्रेड क्विंबी यांना. क्विंबी हे चित्रपट-वितरणाच्या व्यवसायातून आलेले गृहस्थ; चित्रकलेशी अथवा विनोदाशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता. नव्या विभागाची पहिली मोठी मालिका 'द कॅप्टन अँड द किड्स' वर्षभरात कोसळली. मग ज्यांना काढले होते त्या हर्मन आणि आयझिंग यांनाच कंपनीने पुन्हा बोलावले, या वेळी पगारी निर्माते म्हणून.

कोसळलेल्या मालिकेतील काही चित्रपट हॅना यांनी दिग्दर्शित केले होते. मालिका गेली तसे दिग्दर्शनही गेले, आणि ते बार्बेरा यांच्याबरोबर एकाच खोलीत काम करू लागले. दोघांचीही नोकरी तशी अधांतरीच. विभागात रोज अफवा उठत. अशा स्थितीत त्यांनी ठरविले, की आपण दोघांनी मिळून एक चित्रपट करून दाखवावा. तो करण्याची मुभा मिळाली ती आयझिंग यांच्या पथकात.

पाटीवर आयझिंग यांचे नाव आले ते याच कारणाने. यात त्यांनी काही चोरी केली असे नाही. त्या काळची रीतच अशी होती, की पथक ज्याचे त्याचे चित्रपट. स्वतः आयझिंग हे कॅन्सस सिटीत तरुण वॉल्ट डिस्ने यांच्या पहिल्या उद्योगात काम केलेले, पुढे हर्मन यांच्यासह वॉर्नर ब्रदर्ससाठी 'लूनी ट्यून्स' सुरू करणारे, या कलेच्या पायाभरणीतील मनुष्य. वृत्तीने मात्र संथ. 'बार्नी बेअर' या त्यांच्या झोपाळू अस्वलात सहकाऱ्यांना खुद्द आयझिंगच दिसत. ज्या गृहस्थाला कामाची घाई नाही, तो दोन उतावळ्या तरुणांना आपल्या छत्राखाली मोकळे सोडतो, यात नवल नाही. नवल असेल तर त्या रीतीचे, जी हे सोडणेही श्रेयात जमा करते.

रीत किती बोचणारी होती याचा पुरावा शेजारच्याच स्टुडिओत मिळतो. मे १९४१ मध्ये डिस्नेच्या कलावंतांनी संप केला, तेव्हा त्यांच्या तक्रारींमध्ये पगाराबरोबरच पडद्यावरील श्रेयाचाही विषय होता. डिस्नेच्या लघुपटांवर वर्षानुवर्षे केवळ वॉल्ट डिस्ने हेच नाव झळकत आले होते.

'पुस गेट्स द बूट' प्रदर्शित झाला तो कसलाही गाजावाजा न होता. कंपनीने त्याची जाहिरात केली नाही. क्विंबी यांनी हॅना-बार्बेरा यांना पुढचा मांजर-उंदीरपट न देता इतर कामांना लावले. एकाच खेळावर सारा डाव लावायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार दोघांनी 'स्विंग सोशल', 'गॅलपिन गॅल्स', 'द गूज गोज साउथ', 'ऑफिसर पूच' असे चार चित्रपट केले. आज ते अभ्यासकांखेरीज कोणी पाहत नाही, आणि न पाहिल्याने कोणाचे फारसे नुकसानही होत नाही.

चित्रगृहांत मात्र काही वेगळेच घडत होते. लोक हसत होते. मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखविल्या जाणाऱ्या लघुपटांची निवड त्या काळी चित्रगृहांच्या साखळ्या करीत. टेक्सासमधील अशा एका मोठ्या साखळीसाठी लघुपट निवडण्याचे काम बेसा शॉर्ट या बाईंकडे होते. त्यांनी एमजीएमला पत्र पाठवून विचारले, की त्या मांजर-उंदराचे आणखी चित्रपट येणार आहेत की नाही. विभागप्रमुखाला कलावंतांचे म्हणणे पटले नव्हते, गिऱ्हाइकाचे पटले. वितरकच तो, गिऱ्हाइकाची भाषा त्याला चटकन समजली.

दरम्यान चित्रपटाला १९४० च्या ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. त्या वर्षीच्या यादीत अवघे तीन लघुपट होते, आणि ती यादी पाहण्यासारखी आहे. एक 'पुस गेट्स द बूट'. दुसरा वॉर्नर ब्रदर्सचा 'अ वाइल्ड हेअर', ज्यात टेक्स ॲव्हरी यांनी बग्ज बनी या सशाला त्याच्या परिचित रूपात प्रथम उभे केले. तिसरा एमजीएमचाच 'द मिल्की वे', तीन मांजरीच्या पिल्लांची आकाशगंगेतील स्वप्नवत सहल. जिंकला तिसरा. १९३२ पासून हे पारितोषिक प्रत्येक वर्षी डिस्नेकडेच गेले होते. ती परंपरा या पिल्लांनी मोडली. आज मात्र हरलेले दोघेच जगाला ठाऊक आहेत.

आणि 'द मिल्की वे'चे दिग्दर्शक कोण? रुडॉल्फ आयझिंग. म्हणजे एमजीएमच्या दोन नामांकित चित्रपटांवर एकाच माणसाचे नाव होते. एक त्यांनी स्वतः केलेला, दुसरा त्यांच्या छत्राखाली इतरांनी केलेला. हॅना आणि बार्बेरा यांना आपल्याच चित्रपटाचे नामांकन दुसऱ्याच्या नावाखाली पाहावे लागले.

पत्र आणि नामांकन यांचा परिणाम झाला. मालिका मंजूर झाली. आता नावे हवी होती. स्टुडिओत उंदराला 'जिंक्स' म्हणत, पण जॅस्पर आणि जिंक्स यांत गोडी नव्हती. मग स्टुडिओतच स्पर्धा लावली. ॲनिमेटर जॉन कार यांनी 'टॉम अँड जेरी' सुचविले आणि ५० डॉलरचे बक्षीस मिळविले. हे जोडनाव काही कोरे नव्हते. १८२१ मध्ये पिअर्स ईगन यांच्या 'लाइफ इन लंडन' या पुस्तकातील दोन उनाड मित्रांची ही नावे. पुढे अंडी, दूध आणि मद्य यांच्या एका गरम पेयाचेही हेच नाव पडले. इतकेच नव्हे, तर बार्बेरा ज्या व्हॅन ब्युरेन स्टुडिओत होते, तेथे १९३१ ते १९३३ या काळात 'टॉम अँड जेरी' नावाची कार्टूनमालिकाच निघत असे. त्यात एक उंच आणि एक बुटका असे दोन पुरुष असत. ते दोघे विस्मृतीत गेले आणि नावे मांजर-उंदराला वारशाने मिळाली.

१९ जुलै १९४१ रोजी 'द मिडनाइट स्नॅक' आला आणि मालिका सुरू झाली. पुढील चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून हॅना आणि बार्बेरा यांची नावे येऊ लागली. आयझिंग १९४२ मध्ये लष्कराच्या चित्रपट-विभागात गेले. येथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण पाटीवर आता वेगळे नाव ठाण मांडून बसले. निर्माता : फ्रेड क्विंबी. १९४३ चा 'द यांकी डूडल माउस' ऑस्कर घेऊन आला. मग १९४४ चा 'माउस ट्रबल', १९४५ चा 'क्वाएट प्लीज!', १९४६ चा 'द कॅट कॉन्चेर्टो'. सलग चार वर्षे. पुढे 'द लिटल ऑर्फन', 'द टू माउसकेटिअर्स' आणि 'योहान माउस' धरून एकूण सात. लघु कार्टूनपटाचा ऑस्कर नियमाने निर्मात्याला मिळत असे, आणि सातही वेळा व्यासपीठावर मान क्विंबी यांचा होता. ज्यांनी प्रत्येक चित्रपटाची कथा, रेखाटनाचा आराखडा आणि चौकटीचौकटीचे वेळापत्रक केले होते, त्यांनी बाहुली हाती घेतली नाही. क्विंबी यांनी कधी त्यांना सोबत वर नेले नाही. नियम क्विंबी यांनी केला नव्हता, हे खरे. पण दोन माणसांना चार पायऱ्या चढायला सांगण्यास कोणता नियम आडवा येत होता?

टॉम दुखावल्यावर जी सुप्रसिद्ध किंकाळी फोडतो, ती स्वतः विल्यम हॅना यांची आहे. त्या काळात त्यांना चित्रगृहात आपले म्हणून जे ऐकू येई, ते हे.

आता त्या घरातील बाईकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण पाटीवर नसलेले सर्वांत बोलके नाव तिचेच आहे.

'पुस गेट्स द बूट'मध्ये ही बाई कंबरेखालीच दिसते : घडीचे मोजे, सपाता, हातात झाडू. वर्ण कृष्ण, बोली दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची म्हणून हॉलिवूडने ठरवून टाकलेली. मांजराला बाहेर काढण्याची धमकी देताना ती 'आउट' हा शब्द एकेक अक्षर उच्चारून सांगते आणि चुकीचा सांगते. प्रेक्षकांनी तेथे हसावे अशी योजना आहे. पुढे तिला 'मॅमी टू शूज' हे नाव रूढ झाले. आवाज होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. तिचे नाव मालिकेच्या पाटीवर आले नाही.

वर्षाचा संदर्भ येथे महत्त्वाचा आहे. हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर १९ दिवसांनी, २९ फेब्रुवारी १९४० रोजी, 'गॉन विथ द विंड'मधील भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. भूमिकेचे नावच 'मॅमी' होते, आणि चित्रपटाची वितरक कंपनी एमजीएमच. समारंभाच्या सभागृहात मात्र मॅकडॅनिएल यांना सहकलाकारांच्या टेबलावर स्थान नव्हते; त्यांना भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलावर बसविले होते. गुणी कृष्णवर्णीय अभिनेत्रीला त्या काळच्या हॉलिवूडमध्ये मोलकरणीखेरीज भूमिका मिळणे दुरापास्त होते. मॅकडॅनिएल यांचा निदान चेहरा दिसला. रँडॉल्फ यांच्या वाट्याला पाय आले, आणि तेही कागदावरचे.

तरी आवाज ऐका. तो धाक, ती लय, वैतागातही असलेला घरधनिणीचा तोरा. मांजर ज्या भीतीने थरथरते आणि ज्या भीतीमुळे पेला म्हणजे शस्त्र होते, ती भीती त्या आवाजाने उभी केली आहे. तो नसेल तर उंदरापाशी काहीच उरत नाही. त्या साच्यातील अपमानही खरा आणि आवाजातील सामर्थ्यही खरे.

अपमानाविरुद्ध आवाज उठला तो अमेरिकेतच. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' ही संस्था अशा साचेबंद चित्रणाचा जाहीर निषेध करीत होती. १९५२ च्या 'पुश-बटन किटी'नंतर ही बाई मालिकेत आली नाही. १९६० च्या दशकात जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविताना काही ठिकाणी तिच्या जागी गोरी बाई नव्याने रेखाटली गेली आणि जून फोरे यांचा आयरिश धाटणीचा आवाज बसविला गेला. नंतरच्या काळात थिआ व्हिडेल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून बोलीतील विडंबन टाळून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करवून घेतले. साच्याची दुरुस्ती करताना रँडॉल्फ मात्र दोन्ही वेळा पुसल्या गेल्या. आधी नाव नव्हते, मग आवाजही राहिला नाही. मूळ ध्वनिपट्टीसह हे चित्रपट पुढे पुन्हा उपलब्ध झाले, ही समाधानाची बाब.

'पुस गेट्स द बूट' आज प्रथमच पाहणाऱ्याला तो संथ वाटेल. जॅस्परच्या अंगावर केस जास्त, हालचाल खऱ्या मांजराच्या जवळची, आणि तो बराच वेळ चार पायांवर चालतो. पुढे टेक्स ॲव्हरी एमजीएममध्ये आले, त्यांच्या भरधाव चित्रपटांच्या शेजाराने टॉम आणि जेरी यांचाही वेग वाढला, रेषा सुटसुटीत झाल्या, लांबी सात मिनिटांवर आली. तरी मला हा संथपणा आवडतो. टेबलाच्या कडेवरचा तो पेला डळमळताना पाहायला पुरेसा वेळ मिळतो.

क्विंबी १९५५ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा कोठे विभागाची सूत्रे आणि निर्मात्याचे श्रेय हॅना व बार्बेरा यांच्याकडे आले. दोन वर्षे जेमतेम गेली असतील. कंपनीच्या हिशोबनिसांनी पाहिले, की जुने कार्टूनपट पुन्हा प्रदर्शित केले तरी जवळजवळ नव्याइतकेच उत्पन्न येते. मग नवे करायचेच कशाला? १९५७ मध्ये एक दूरध्वनी आला आणि संपूर्ण विभाग बंद झाला. सात ऑस्कर मिळविणाऱ्या पथकाला एका फोनवर बूट मिळाला. तयार असलेले शेवटचे चित्रपट १९५८ पर्यंत येत राहिले.

दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एनबीसी वाहिनीवर त्यांची पहिली मालिका 'रफ अँड रेडी' सुरू झाली. नायक एक मांजर आणि एक कुत्रा, या वेळी एकमेकांचे मित्र. खर्च एमजीएमच्या काळच्या मानाने इतका तुटपुंजा, की हालचाली छाटून टाकाव्या लागल्या. त्यातून काटकसरीच्या ॲनिमेशनची एक स्वतंत्र शैलीच घडली, पण तो विषय वेगळ्या धाग्याचा आहे.

कंपनीला दोघांचीही आडनावे द्यायची, हे ठरलेलेच होते. पहिले कोणाचे, यावर दोघांनी नाणे उडविले. कौल हॅना यांना लागला.